चला म्हणायचं नाही

नातीच्या शाळेत मध्यंतरी आजी-आजोबांना बोलावलं होतं. एक निवृत्त कर्नल होते, एक साडीच्या दुकानाचे मालक होते आणि मी. आयुष्यभर काय केलं ते प्रत्येकानं पोरांना एका वाक्यात सांगायचं होतं. कर्नलांनी सीमेचं रक्षण केलं होतं. दुकानदारांनी अर्ध्या हैदराबादची लग्नं सजवली होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मोठ्या माणसांना चालायला शिकवलं."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "त्यांना आधी येत नव्हतं?"

"येत होतं की. चांगलं येत होतं."

बाईंनी घाईघाईनं टाळ्या वाजवायला लावल्या.

मी फिजिओथेरपिस्ट. सिकंदराबादच्या एका दवाखान्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन कामं केली. नात्यातल्या बायका अजूनही 'वसुधाचं ते मालिशचं' म्हणतात. मालिश मी जन्मात केली नाही. सासूबाई ओळख करून देताना 'सून दवाखान्यात असते' एवढंच म्हणायच्या, मग ऐकणाऱ्यानं मला डॉक्टर समजावं की पेशंट, हे त्याच्या मनावर.

माझ्याकडे जास्त करून पार्किन्सनची माणसं यायची. पार्किन्सन म्हटलं की लोकांना हाताची थरथर आठवते. थरथर हा त्या आजाराचा दिखाऊ भाग आहे. खरा घोळ निराळाच. आपण चालतो तेव्हा पाय उचल, पुढे टाक, असं काही मनाशी म्हणत नाही. मेंदूच्या आतल्या खोलीत एक जुना कारकून बसलेला असतो, तो आपल्या नकळत सगळ्या कागदांवर सह्या करत असतो. या आजारात तो कारकून वारंवार रजेवर जातो. मग प्रत्येक पावलावर साहेबाला जातीनं सही करावी लागते. आणि साहेब लोकांचं आपल्याला माहीतच आहे, त्यांना एका वेळी एकच काम जमतं. कुणी मध्येच बोललं, फोन वाजला, दारात गर्दी झाली, की साहेबाचं लक्ष उडालं आणि पाय जमिनीला चिकटले. तेही मोकळ्या मैदानात नाही, तर दारात, वळणावर, अडचणीच्या जागी, आणि हटकून पाहुणे बघत असताना.

औषध देणं डॉक्टरांचं काम. औषधानं कारकून काही तास खुर्चीत येऊन बसतो. तो नसताना कारभार कसा हाकायचा ते आम्ही शिकवतो. पाऊल मुद्दाम मोठं टाकायचं. आवाज मुद्दाम मोठा काढायचा. जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या, म्हणजे त्या ओलांडण्यासाठी साहेब लक्ष देऊन पाय उचलतो. अडकलं तर ओढायचं नाही, ढकलायचं नाही. थांबायचं, ताठ उभं राहायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि मग एक मोठं पाऊल.

हे सगळं मला पुस्तकातून चोख पाठ होतं. तरी उमेदीच्या वयातली मी कशी होते ते ऐका. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यात स्टॉपवॉच, आणि सांगायला लाज वाटते, शिट्टी. पेशंट अडकला की मी टाळ्या वाजवत ओरडायची, "चला! चला! चला की!" मला वाटायचं याला प्रोत्साहन म्हणतात. माझ्या प्रोत्साहनानं एकदा औषधांचा ट्रे घेऊन चाललेली सिस्टर जागीच थिजली होती. बिचारीला काहीसुद्धा आजार नव्हता.

शहाणपण वयाबरोबर येतं, असा माझा समज होता. तारनाक्याच्या व्यंकटराव वकिलांकडे गेले तेव्हा मी साठीला टेकले होते. फक्त शिट्टी घरी राहिली होती, बाकी बाई तीच.

वकीलसाहेबांचं घराणं जुनं. आजोबांपासून वकिली. घरात मराठी, कोर्टात एके काळी उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, आणि राग आला की दखनी. ज्या आवाजानं कोर्टातली पाखरं उडायची तो आता स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. हासुद्धा या आजाराचाच उद्योग. बोलणाऱ्याला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, ऐकणाऱ्याला नुसती कुजबुज. त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इतकी वर्षं हे बोलायचे अन् मला ऐकावं लागायचं. आता हे बोलतात अन् मला ऐकू येत नाही. बरं चाललंय आमचं."

पण काकूंचा चेहरा बरं चाललेल्या बाईचा नव्हता. वकीलसाहेब पुढच्या दाराच्या उंबऱ्यात अडकून पडले होते, भुवईवर टाके घातले होते, आणि मुलगा प्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुकटपल्लीहून निर्णय घेऊनच आला होता. तो कसल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्याचा फ्लॅट बऱ्याच वरच्या मजल्यावर. आई-वडिलांनी तिकडं यायचं, तारनाक्याचं घर बंद करायचं. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेली मुलं आई-बापांवर हुकूम सोडतात, हे मी शंभर घरांत पाहिलं आहे.

वकीलसाहेबांना जायचं नव्हतं. समोरच्या घरात त्यांचे जुने मुन्शी हमीदभाई राहायचे. रोज संध्याकाळी ते फाटकापाशी येऊन हाक मारत, आणि दोघं व्हरांड्यात बसून चहाबरोबर मेलेल्या न्यायाधीशांची निंदा करत. वकीलसाहेब मला कुजबुजत म्हणाले, "प्रसादच्या गॅलरीतून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. मुंग्यांशी मी काय बोलू?"

शेवटी बापलेकांत तडजोड झाली. दसऱ्याला आमच्याकडे संध्याकाळी जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाला जातात. आम्ही हैदराबादची मराठी माणसं आपट्याच्या जागी जम्मीचीच पानं सोनं म्हणून देतो. गल्लीच्या टोकाला देवळात ते झाड होतं. दसऱ्याला वकीलसाहेब, म्हणजे प्रसादचे आप्पा, कुणाच्या हाताला न धरता झाडापर्यंत जाऊन परत आले तर तारनाका, नाहीतर दिवाळीनंतर कुकटपल्ली. मला कामाला लावलं ते या निवाड्यासाठी.

पहिल्या दिवशी वकीलसाहेब दारात अडकले तेव्हाचं दृश्य मला अजून दिसतं. काकू हात ओढत होत्या. कामवाली मागून पाठीला रेटत होती. प्रसाद फोनच्या पडद्यावरून हैराण होऊन "चला आप्पा, चला" करत होता. आणि या सगळ्या अडाणी लोकांना बाजूला सारून, प्रशिक्षित, अनुभवी अशी मी पुढे झाले आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला! चला की!"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या आजारात चेहऱ्यावरचे भाव उमटेनासे होतात, मुखवटा चढवल्यासारखा चेहरा दिसतो. त्यामुळे त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही असं मी तेव्हा सोयीनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून तडजोडीत एक अट वाढवायची आहे असं सांगितलं. त्यांचा आवाज फोनवर पोचत नव्हता, म्हणून ती अट मीच मोठ्यानं मुलाला ऐकवायची. ते कुजबुजले आणि मी प्रसादला सांगितलं, "दसऱ्याच्या दिवशी कुणीही चला म्हणायचं नाही." ते पुन्हा कुजबुजले. मी सांगितलं, "त्यात फिजिओथेरपिस्टबाईही आल्या."

प्रसादनं अट मान्य केली. त्यानं परदेशातून एक काठीही मागवली होती. बटण दाबलं की ती पावलापुढे लाल प्रकाशाची रेघ टाकायची. कल्पना उत्तम. फक्त व्हरांड्यातल्या उन्हात ती रेघ दिसत नसे, आणि घरातल्या सावलीत दिसली की काकूंची मांजर तिच्यावर झडप घालत असे. मांजरीचं चालणं खूप सुधारलं. काठी कपाटावर गेली.

मी माझा हुकमी उपाय काढला. वकीलसाहेबांच्या खुर्चीपासून पुढच्या दारापर्यंत काळ्या शहाबादी फरशीवर पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, पार उंबऱ्याच्या पलीकडेपर्यंत. वकीलसाहेब दोन-चार फेऱ्या बरे चालले, मग पाय पुन्हा घासू लागले. टेप बघून बघून साहेब कंटाळला. मी म्हटलं सवयीनं जमेल, आणि ऐटीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जाऊन बघते तर माझ्या पट्ट्या गायब. म्हणजे होत्या, पण ओळखू येत नव्हत्या. उंबऱ्यात नुसत्या पांढऱ्या रेघा काकूंना रात्रभर टोचल्या होत्या. बघणाऱ्याला वाटेल घरात काही अशुभ झालंय. तारनाक्यात आयुष्य गेलेल्या काकूंचा हात रांगोळीत नव्हे, मुग्गूत तयार झालेला. तेलुगू बायका घरापुढं ठिपक्यांची वेल काढतात, तो मुग्गू. काकूंनी पहाटे उठून प्रत्येक पट्टीवर ठिपके दिले होते, मधल्या जागेत कमळं काढली होती आणि वर हळद-कुंकू वाहिलं होतं. बघत राहावं असं सुंदर काम. पाय ठेवायला मात्र जागा नाही.

वकीलसाहेब त्या कमळांच्या काठाशी उभे होते. मला वाटलं, अडकले. तोंडातून "च..." निघालाच होता, तेवढ्यात ते कुजबुजले. मी कान जवळ नेला.

"अडकलो नाही," ते म्हणाले. "पाय कुठं ठेवू ते सांगा."

मी काकूंना पुसून टाकायला सांगितलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचंच कुंकू पुसायला सांगितलं होतं. "शुक्रवारी हळदी-कुंकवावरून झाडू फिरवू?" मी शास्त्र सांगितलं, त्यांनी दुसरं शास्त्र सांगितलं. वकीलसाहेब खुर्चीत परत बसले. काकूंनी चहा आणि उस्मानिया बिस्किटं आणली, आणि माझा उपचार त्या दिवसापुरता संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

एवढ्यात फाटकातून हमीदभाईंची हाक आली, "वकीलसाब, हैं क्या?"

वकीलसाहेब उठले. दाराकडे निघाले. पहिल्या कमळापाशी क्षणभर थांबले, खाली नीट पाहिलं, आणि पाय उचलला. उचलला म्हणजे बगळ्यासारखा गुडघ्यातून उचलला. पाकळ्यांच्या पलीकडच्या चिमूटभर मोकळ्या जागेत आधी टाच टेकवली. मग दुसरा पाय. मग उंबरा. एकाही ठिपक्याला धक्का न लावता माणूस व्हरांड्यात जाऊन उभा. माझ्या टेपवरून त्यांनी असा पाय एकदाही उचलला नव्हता. टेपवर पाय पडला तरी चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. कुंकवावर पडून चालत नाही, हे त्यांच्या आईनं रांगत्या वयात शिकवलेलं. त्यामुळं साहेब डोळ्यांत तेल घालून हजर.

मी ताबडतोब म्हणाले, "मला हेच अपेक्षित होतं." काकूंनी माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणी लगेच रांगोळीचा डबा काढणार असेल तर जरा थांबा. कोरडी रांगोळी गुळगुळीत फरशीवर पसरली की घसरायला उत्तम. आम्ही पुढं साध्या पांढऱ्या रंगानं पक्क्या रेघा काढल्या, मध्ये पाऊल मावेल एवढी जागा सोडली, आणि काकूंनी प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना रंगानंच हळदी-कुंकवाचे ठिपके दिले. रेघ पवित्र झाली आणि जमीनही मोकळी राहिली. दोन्ही शास्त्रांची अब्रू वाचली.

आवाजासाठी मी वेगळा कट केला. वकीलसाहेबांनी खुर्चीतून स्वयंपाकघराकडे बघून काहीतरी हरकत घ्यायची. पोह्यांत मीठ कमी, वर्तमानपत्र ओलं, काहीही. काकूंना ऐकू आलं तरच चहा मिळणार. पहिले काही दिवस वकीलसाहेबांना चहा मिळाला नाही. मग मिळू लागला. मग काकू मला म्हणाल्या, "हे बंद करता येईल का?"

रस्त्यावर मात्र रेघा काढता येत नाहीत. तिथं त्यांनी मनातच त्या आखायच्या, हे आम्ही व्हरांड्यात, मग फाटकापर्यंत, मग हमीदभाईंच्या दारापर्यंत घोटवलं. कधी जमायचं. कधी फाटक सरकवायच्या लोखंडी रुळापाशी पाय रुतायचे आणि आम्ही सगळे तोंडं मिटून उभे राहायचो. तोंड मिटून उभं राहणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड व्यायाम. तो मला कुणी शिकवला नव्हता.

दसरा उजाडला. औषधाची वेळ अशी बसवली होती की संध्याकाळी पाचच्या सुमाराला कारकून खुर्चीत असेल. वकीलसाहेब धुतलेलं धोतर, काळा कोट घालून, आपली जुनी साधी काठी हाताशी ठेवून आतल्या खुर्चीत बसले. हमीदभाई अत्तर लावून आले. प्रसादचा पत्ता नाही. कुकटपल्लीहून निघालेली गाडी सणाच्या गर्दीत कुठंतरी अडकली होती. गाड्यांनाही हा आजार होतो, आणि त्यांनाही हॉर्न वाजवून काही उपयोग होत नाही. प्रसाद सहकुटुंब उतरला तोपर्यंत उन्हं कलली होती. वकीलसाहेबांची बोटं मांडीवर थरथरू लागली होती. कारकून घरी जायच्या तयारीत होता.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "उद्यावर ढकलू या का?" मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते उठले होते.

खुर्चीपासून दारापर्यंत ते सुरेख गेले. उंबरा ओलांडला. व्हरांड्याच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरले. कठडा म्हणजे हात नव्हे, हे आधीच ठरलं होतं. अंगणातून फाटकापर्यंत आले. आणि प्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चांगलं झालं, पण त्यानं खिशातून फोनही काढला, ते वाईट झालं. फोन समोर धरून तो उलट्या पावलांनी चालत फाटकाच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला आणि अगदी पोटातून, मायेनं म्हणाला, "चला आप्पा, इकडं बघा, चला!"

पाय रुतले. रुळाच्या अलीकडे, जिथं एरवी रुतायचे तिथंच. पोटऱ्या थरथरायला लागल्या, अंग पुढं झुकू लागलं. काकूंचा हात उठला आणि त्यांनी तो स्वतःच दुसऱ्या हातानं धरला. सून "अय्यो" म्हणाली. माझ्या जिभेवर सगळ्या जन्मीचे 'चला' गोळा झाले होते. मी पदराचा बोळा तोंडात धरला. माझा फोटो कुणी काढला असेल तर कृपा करून फाडून टाकावा.

वकीलसाहेब ताठ झाले. छाती भरून श्वास घेतला. आणि मग तो आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"अट मोडली!"

समोरच्या गच्चीतली माणसं वाकून बघू लागली.

प्रसाद म्हणाला, "कसली अट, आप्पा?"

"चला म्हणायचं नाही. ती अट. तू स्वतः मान्य केलीस, या बाई साक्षीला आहेत. अटीचा भंग तू केलास. निकाल माझ्या बाजूनं."

"अहो पण तुम्ही अडकलात ना!"

"नक्को," वकीलसाहेब दखनीत म्हणाले. "अडकलो नाही. युक्तिवादासाठी थांबलो. बोलताना मी चालत नसतो, डॉक्टरणीनंच सांगितलंय. झालं तुझं बोलून?"

प्रसादनं फोन खिशात घातला आणि वाटेतून बाजूला झाला. वकीलसाहेबांनी वजन डाव्या पायावरून उजव्यावर नेलं, परत डाव्यावर आणलं, खालच्या रुळाकडे असं पाहिलं जणू त्यावर काकूंनी कमळ काढलंय, आणि पाय उचलला.

हमीदभाई हळूच म्हणाले, "केस जीत गए."

झाडापर्यंत जायला बराच वेळ लागला. परत यायला त्याहून जास्त. वाटेत ते पुन्हा अडकले, एकदा एका स्कूटरपाशी, एकदा काहीच नसताना. प्रसाद मुठीत जम्मीची पानं धरून शेजारी उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. वडिलांशी न बोलता उभं राहणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो माझ्यापेक्षा फार लवकर शिकला.

हा आजार मागं फिरत नाही. आम्ही त्याला वाटेत बोलण्यात गुंतवतो, इतकंच. वकीलसाहेब आणखी काही वर्षं तारनाक्यातच राहिले. शेवटी चाकाच्या खुर्चीत, शेवटी पुन्हा कुजबुजत. आता ते नाहीत. मला राहून राहून वाटतं ते असं की शिट्टीच्या काळात जे माझ्या हाताखालून गेले त्यांच्यात कितीतरी असे युक्तिवादासाठी थांबलेले असतील, आणि मी स्टॉपवॉच दाबून उभी. त्यांची बाजू ऐकायची राहिली.

पण त्या दसऱ्याचं शेवटचं सांगितलं नाही. आम्ही झाडाकडे गेलो होतो तेवढ्यात सूनबाईंनी सासूला खूश करायला दारात ताजी रांगोळी काढली होती, उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर भरपूर हळद-कुंकू. परत आलो तेव्हा प्रसाद सगळ्यांत पुढं होता. पायात बूट. त्यानं पाय उचलला आणि खाली पाहिलं. पाय तसाच अधांतरी. ठेवायला जागा नाही, मागं यायला वाट नाही, कारण मागं वकीलसाहेब, त्यांच्यामागं काकू, हमीदभाई, मी, अशी सगळी रांग खोळंबलेली. एका पायावर उभा राहून तो नुसता इकडंतिकडं बघत होता.

कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळे शिकलेले होतो.

मग वकीलसाहेबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि खणखणीत आवाजात मुलाला म्हणाले, "चला! चला की!"